सत्य आणि साक्ष

आपल्यापैकी बहुतेकांची 'सत्य' या शब्दाशी पहिली गाठ पोथीत पडलेली नाही. ती रबरी शिक्क्यावर पडली. बारावीनंतर मला महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. जातीच्या दाखल्याची मूळ प्रत माझ्या हातात होती, तिची झेरॉक्सही मीच काढून आणली होती. दोन्ही कागद शेजारी ठेवले असते तर ते एकच आहेत हे कोणालाही दिसले असते. पण राजपत्रित अधिकाऱ्याची सही होऊन खाली 'सत्यप्रत' असा शिक्का पडेपर्यंत ती प्रत सत्य नव्हती. आमच्या वस्तीत राजपत्रित अधिकारी कोणी नव्हता. ज्यांच्या दाराशी गेलो त्यांनी आधी दाखल्यावरची जात वाचली, मग माझ्याकडे पाहिले आणि दोन दिवसांनी या म्हणून सांगितले. पुढे शासनाने अर्जदाराला स्वतःच प्रत साक्षांकित करण्याची मुभा दिली. आज माझ्या विद्यार्थ्यांना ते दार ठोठवावे लागत नाही. पण त्या दाराशी उभे असताना पडलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. जी गोष्ट मुळातच खरी आहे, तिला खरी ठरविण्याचा अधिकार या समाजात कोणाकडे असतो?

'साक्षांकित' या शब्दातच 'साक्ष' आहे. साक्षी म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो. सत्य आणि साक्ष हे शब्द सतत जोडीने वावरत आले आहेत. सत्य म्हणजे काय याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. सत्य कोणी बोलावे, कोणाचे बोलणे सत्य मानावे, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. प्रस्तुत लेखात ती बाजू पाहावयाची आहे.

१

व्याकरणाच्या अंगाने 'सत्य' हा अगदी साधा शब्द आहे. 'अस्' म्हणजे असणे. त्यापासून 'सत्', म्हणजे जे आहे ते. आणि 'सत्'पासून 'सत्य', जे आहे त्याला धरून असलेले. यात देव नाही, धर्म नाही, वर्ण नाही.

परंतु वैदिक वाङ्मयात या शब्दाच्या शेजारी 'ऋत' हा दुसरा शब्द उभा आहे. ऋत म्हणजे विश्वाची ठरलेली व्यवस्था. सूर्य वेळेवर उगवतो, ऋतू पाळीपाळीने येतात, यज्ञ विधीप्रमाणे होतो, हे ऋत. खोट्यासाठी तेथे वारंवार येणारा शब्द 'अनृत' हा आहे. ऋताला सोडून असलेले ते अनृत. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. व्यवस्थेला सोडून असणे आणि खोटे असणे या दोन गोष्टी येथे एकाच शब्दात बसल्या. ती व्यवस्था जोवर सूर्याची आणि पावसाची आहे तोवर बिघडत नाही. पुढे चातुर्वर्ण्य हीच विश्वाची व्यवस्था म्हणून सांगितली गेली, तेव्हा तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस आपोआपच अनृत बोलणारा ठरण्याची सोय झाली.

पालीत हाच शब्द 'सच्च' झाला. विहारात आपण पंचशील म्हणतो त्यातल्या चौथ्या शीलात 'मुसावाद' हा शब्द येतो. 'मुसा' म्हणजे संस्कृतातले 'मृषा', आणि मृषा हा शब्द 'मृष्' या धातूशी जोडला जातो. त्या धातूचा एक अर्थ विसरणे, दुर्लक्ष करणे असा आहे. खोट्याच्या मुळाशी विसरणे आहे, हा अर्थ ज्यांचा इतिहासच विसरला गेला त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. आज वाचता येणारे भारतातले सर्वांत जुने मोठे कोरीव लेख अशोकाचे आहेत, इ. स. पू. तिसऱ्या शतकातले. ते प्राकृतात आहेत. धम्म म्हणजे काय हे सांगताना अशोक स्तंभलेखात दया, दान आणि शुचिता यांच्या जोडीला 'सच' सांगतो. म्हणजे हा शब्द दगडावर कोरलेला प्रथम सापडतो तो लोकभाषेच्या रूपात, रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांसाठी. तो लेख अमक्याने वाचावा आणि तमक्याने कान झाकावेत अशी अट त्यावर नाही.

मराठीने 'साच' हे रूप संतवाङ्मयात जपले; पण रोजच्या बोलण्यात आपण 'खरे' म्हणतो. हा 'खर'पासून आलेला शब्द, म्हणजे कठीण, तीक्ष्ण, कस असलेले. खरे नाणे, खोटे नाणे हे प्रयोग अजून जिवंत आहेत. गावगाड्यात नाणे पारखणारा पोतदार असे. नाणे वाजवून घेतले जाई. 'सत्य' या शब्दात असणे आहे, तर 'खरे' या शब्दात पारखणे आहे. नाणे राजाच्या हातून आले की रंकाच्या, यावर त्याचा खरेपणा ठरत नाही. माणसाच्या शब्दाला मात्र ही साधी कसोटी कधी लावली गेली नाही.

२

छांदोग्य उपनिषदातली सत्यकाम जाबालाची कथा सर्वांना ठाऊक आहे. सत्यकामाला गुरुगृही जायचे आहे. तो आईला गोत्र विचारतो. जबाला सांगते की तरुणपणी मी अनेकांच्या घरी सेवा करीत फिरले, त्या काळात तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तेव्हा जाबाल म्हणूनच सांग. मुलगा हारिद्रुमत गौतमापुढे जाऊन तेच जसेच्या तसे सांगतो. गौतम त्याचे उपनयन करण्यास तयार होतो. तू सत्यापासून ढळला नाहीस, ब्राह्मणाखेरीज असे कोणी बोलू शकणार नाही, असा त्याचा निर्वाळा आहे.

ही कथा आम्हाला उदारतेचे उदाहरण म्हणून शिकविली गेली. मीही परीक्षेत तसेच लिहिले आणि गुण मिळविले. पण हिशेब नीट मांडून पाहा. या कथेत खरे प्रथम कोण बोलले? एक मोलकरीण. घरोघर राबणाऱ्या बाईने आपल्या मुलाशी, स्वतःची अब्रू पणाला लावून, खरे सांगितले. मुलगा तिचाच शब्द घेऊन गेला. आणि त्या खरेपणाचे श्रेय मिळाले ते कोठल्याशा अज्ञात ब्राह्मण बापाला! सत्य बोलला म्हणून ब्राह्मण, हा उलट्या दिशेचा न्याय दिसायला सुंदर आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की ब्राह्मणेतराला सत्य बोलता येणे संभवतच नाही.

हे माझे कुत्सित वाचन आहे असे कोणी म्हणेल. पण परंपरेनेही ते असेच वाचले आहे. ब्रह्मसूत्रात शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही हे सिद्ध करणारे एक प्रकरण आहे. तेथे, शंकराचार्यांच्या भाष्यानुसार, हीच कथा पुरावा म्हणून वापरली आहे. सत्यकाम शूद्र नाही याची खात्री पटल्यावरच गौतमाने त्याला स्वीकारले, म्हणून शूद्राला अधिकार नाही, असा तो युक्तिवाद आहे. जबालेच्या सत्याने दार उघडले, आणि तेच सत्य वापरून ते पुढच्या सर्वांसाठी लावून घेतले गेले. जबाला पुढे काय करीत होती, तिला मुलगा परत भेटला का, हे विचारण्याची गरज त्या भाष्यपरंपरेला वाटली नाही.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हा प्रकार कायद्याच्या पातळीवर येतो. तेथे न्यायसभेतील साक्षीचे नियम आहेत. शपथ घालताना ब्राह्मणाला त्याच्या सत्याची शपथ पुरे. क्षत्रियाला वाहनांची आणि शस्त्रांची, वैश्याला गाई, धान्य आणि सोन्याची, आणि शूद्राला सगळ्या पातकांची. ब्राह्मणाचे सत्य त्याच्याजवळच आहे असे गृहीत धरलेले आहे. शूद्राकडून ते पापाची भीती घालून काढून घ्यायचे आहे. कोणासाठी कोणी साक्षी व्हावे हेही ठरलेले आहे. स्त्रियांच्या साक्षी स्त्रियांनी द्याव्यात, द्विजांच्या त्यांच्या बरोबरीच्या द्विजांनी, शूद्रांच्या शूद्रांनी आणि अंत्यांच्या अंत्यांनी. जंगलात, घराच्या आत किंवा जीव जाण्याच्या प्रसंगी ज्याने पाहिले तो कोणीही चालेल, असे अपवाद तेथे आहेत, ते नाकारण्याचे कारण नाही. पण नियम तो नियमच. ज्याच्यावर अन्याय झाला तो आणि ज्याने केला तो वेगवेगळ्या वर्णांचे असले, तर अन्याय पाहणाऱ्या डोळ्यांची किंमत आधीच कमी करून ठेवलेली आहे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा हे साक्षीचे नियमही त्या आगीत होते. जाळण्याने काय साधले असे विचारणारे अजून भेटतात. त्यांनी हा अध्याय एकदा वाचावा.

३

ग्रंथात एक आणि गावात एक, असेही आपल्याकडे होते. येथे एक विसंगती सांगितली पाहिजे. महाराष्ट्रातील गावगाड्यात गावशिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष वजनदार मानली जाई. शीव कोठून जाते, कोणता दगड कोणी पुरला, ओढा पूर्वी कोणत्या बाजूने वाहत होता, हे त्याने सांगायचे. प्रसंगी दिव्य करून, शिवेवरून चालत जाऊन ते सिद्ध करायचे. ज्याला गावात जागा नव्हती त्यालाच गाव कोठे संपते ते अचूक माहीत होते; कारण तो त्या कडेवरच राहत होता.

आपले जुने लोक या गोष्टीचा अभिमान सांगत. मला तो अभिमान समजतो, पण पुरा पटत नाही. महाराचा शब्द खरा मानला गेला तो दुसऱ्यांच्या जमिनीबाबत. स्वतःच्या पाण्याबाबत, मजुरीबाबत, लेकीसुनांच्या अब्रूबाबत त्याने तोंड उघडले असते तर तोच शब्द उर्मटपणा ठरला असता. गावाला त्याची स्मरणशक्ती हवी होती, त्याची तक्रार नको होती. सत्य बोलण्याचा अधिकार आणि सत्य बोलण्याची वेठ यांत फरक आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे ही वेठ संपविण्याचीच इच्छा होती.

४

ब्राह्मणी परंपरेसमोर दुसरी परंपरा पहिल्यापासून उभी होती, हे आपण विसरता कामा नये. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे बुद्धाने कालामांना सांगितल्याची नोंद आहे. धम्माला पालीत 'एहिपस्सिक' हे विशेषण आहे: या आणि पाहा. पाहणाऱ्याचे गोत्र येथे कोणी विचारीत नाही.

जबालेच्या कथेशेजारी मिलिंदप्रश्नातली बिंदुमतीची कथा ठेवावी. पाटलिपुत्रात अशोक विचारतो, ही गंगा उलटी वाहवू शकेल असा कोणी आहे काय? बिंदुमती नावाची गणिका सत्यक्रिया करते आणि गंगा मागे फिरते. तुझ्यासारखीजवळ कोणते सत्य, असे राजा हिणवून विचारतो. ती सांगते की जो कोणी मला द्रव्य देतो, तो क्षत्रिय असो, ब्राह्मण, वैश्य वा शूद्र असो, मी त्याच्याशी सारखेच वागते. कोणाची खुशामत नाही, कोणाचा तिटकारा नाही. हे माझे सत्य.

नदी उलटी वाहते यावर आपण विश्वास ठेवण्याचे कारण नाही. पाहण्यासारखे हे आहे की बिंदुमतीला कोणी 'तू नक्कीच उच्च कुळातली असशील' असे म्हणत नाही. ती गणिकाच राहते आणि तिचे सत्य सत्यच राहते. शिवाय तिच्या सत्याचा मजकूर काय, तर समता. जबालेचे सत्य वर्णाच्या खात्यात जमा झाले. बिंदुमतीचे सत्य वर्णाला ओलांडून उभे राहिले.

बाबासाहेबांनी ही पारख बौद्ध वाङ्मयालाही लावली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणुकीतली आहेत की भिक्षूंनी नंतर घातलेली, असा प्रश्न विचारला. धर्मांतर केलेल्या माणसाने नव्या धर्माच्या 'सत्य' नावाच्या गोष्टीलाच प्रश्न करावा, हे धाडस आपल्यातल्या किती जणांना झेपते?

५

आधुनिक महाराष्ट्रात 'सत्य' या शब्दाचा जन्म नव्याने झाला तो २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात. जोतीरावांनी आपल्या संस्थेला सत्यशोधक समाज असे नाव दिले. सत्य आपल्या खिशात आहे असे ते म्हणाले नाहीत. शोधायचे आहे असे म्हणाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सत्यशोधक पद्धतीचा विवाह लागला, ब्राह्मण पुरोहिताशिवाय. न समजणाऱ्या भाषेत घेतलेली शपथ ही शपथ नव्हे, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती.

त्यांचे शेवटचे पुस्तक 'सार्वजनिक सत्यधर्म'. अर्धांगाने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी ते डाव्या हाताने लिहिले. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ते छापून निघाले. आपण नावातल्या 'सत्य' या शब्दाकडे पाहतो, 'सार्वजनिक' या शब्दाकडे पाहत नाही. एकाच घरातल्या बाईने बौद्ध धर्म, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमानी आणि मुलाने सार्वजनिक सत्यधर्म स्वीकारून सर्वांनी गोडीने राहावे, असे चित्र त्यांनी त्यात रंगविले. सत्य सर्वांचे आहे, त्यावर एका घराचासुद्धा एकच शिक्का नको! ज्या माणसाने १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्यानेच सत्यही सार्वजनिक केले. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

महाडला त्या एकत्र आल्या. 'सत्याग्रह' हा शब्द दक्षिण आफ्रिकेच्या लढ्यात घडला. गांधीजींनी नाव सुचविण्याचे आवाहन केले तेव्हा 'सदाग्रह' असे एक नाव आले आणि त्यात बदल करून त्यांनी हा शब्द केला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर त्याला वेगळाच अर्थ आला. कायद्याने तळे खुले होते; १९२३ चा बोले यांचा ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव होता. म्हणजे कागदावरचे सत्य आमच्या बाजूने होते. तरी पाणी प्यायल्यावर काय झाले? हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. अफवेला साक्षीदार लागला नाही, शिक्का लागला नाही. ती क्षणात खरी झाली.

पुढे सवर्णांनी दावा लावला. तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला. अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे त्यात ठरले. ज्या वहिवाटीखाली पिढ्यान्‌पिढ्या तहानेने कासावीस झाल्या ती न्यायालयात सिद्धसुद्धा करता आली नाही! पण हे कागदावर यायला जवळजवळ दहा वर्षे जावी लागली. ओंजळीतले पाणी १९२७ सालीच खरे होते.

६

साक्षीची किंमत आजही आपण मोजतो. २००६ साली भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन या चौघांची हत्या झाली. त्याआधी एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखा आणि प्रियंका यांनी आरोपींची नावे सांगितली होती. दोन दलित स्त्रियांनी पाहिले ते सांगितले, आणि ते आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी, २९ सप्टेंबरला, हे हत्याकांड घडले. २००८ साली खालच्या न्यायालयाने खुनासाठी शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध मानला नाही. म्हणजे मारले हे सत्य, का मारले हे सत्य नव्हे! २०१५ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात बळी आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. ते आले हे बरे झाले. पण तशा प्रकरणाची गरज पडावी, यातच आपल्या समाजातील सत्याची अवस्था दिसते.

या पार्श्वभूमीवर आपल्या साहित्याकडे पाहावे. १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीने मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. ती साक्ष होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी आणि १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी जे मांडले तीही साक्ष होती. 'बलुतं' (१९७८), 'अक्करमाशी' (१९८४), 'जिणं आमुचं' (१९८६) ही त्याच साखळीतली पुस्तके होत. 'अक्करमाशी'चा नायक बापाचे नाव न लाभलेला मुलगा आहे, म्हणजे सत्यकामच. फरक एवढाच की तो कोणा गौतमापुढे निवाड्यासाठी उभा राहिला नाही. वाचकापुढे उभा राहिला. या लेखनावर 'खरे असेल, पण कलात्मक नाही' असा शेरा मारला गेला. अप्रिय सत्य बोलू नये, हा मनूचाच उपदेश या समीक्षेने नव्या शब्दांत दिला.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. बेबी कांबळे यांनी वस्तीतल्या सासुरवाशिणींचे हाल लिहिले, तेव्हा आपल्यातलेच काही अस्वस्थ झाले. घरातले बाहेर कशाला, असे म्हणणाऱ्यांत शिकलेले लोकही होते. आपल्या बैठकीत बाई बोलायला उठली, आपल्यापेक्षा खाली लेखलेल्या जातीचा कार्यकर्ता तक्रार घेऊन आला, म्हणजे आपण आधी त्याचे म्हणणे ऐकतो की आधी तो कोण हे पाहतो? तसे पाहत असू, तर शिक्का हातात घेऊन दारात उभा असलेला तो अधिकारी आता आपल्या आत बसला आहे.

आपल्या राजमुद्रेवर सिंह सारनाथचे आहेत, जेथे बुद्धाने पहिले प्रवचन दिले. खालचे सत्याच्या विजयाचे बोधवाक्य उपनिषदातले आहे. सत्याचा जय होतो असे ते वाक्य सांगते. आपला अनुभव असा की सत्य आपोआप जिंकत नाही. त्याला साक्षीदार लागतो, साक्षीदाराला जगू देणारी वस्ती लागते, आणि त्याचे ऐकून घेणारे कान लागतात. हे तिन्ही तयार करणे हेच चळवळीचे काम आहे. वर्गात मी विद्यार्थ्यांना जबालेची गोष्ट अजून शिकवितो. फक्त प्रश्न बदलला आहे. गौतम काय म्हणाला हे मी विचारीत नाही. खरे कोण बोलले, एवढेच विचारतो.